जड टूरिंग गाडीवर ड्युअल पर्पज टायर कसा तपासायचा: सातारच्या रस्त्यांवरून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम 650 एक्सटी. रोज सातारा ते शिरवळ आणि परत. महिन्यातून दोनदा पत्नीसह, बॉक्स भरून, दहिवडीच्या पुढे गावी. तिथले शेवटचे पाचेक किलोमीटर मुरमाचे. वर्षातून एकदा कुंभार्ली घाट उतरून कोकण. आताचे टायर गोटा झालेत. 50/50 चे (अर्धे डांबरासाठी, अर्धे कच्च्यासाठी) उंच, सुट्या ठोकळ्यांचे बटन टायर घ्यावेत का, घेतले तर ते या गाडीला चालतात की नाही हे तपासायचं कसं, आणि हवा किती ठेवायची?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो: 50/50 घेऊ नका. मी सातारच्या आसपास मोठ्या गाड्यांना टायर बसवतो, बसवल्यावर चालवून बघतो आणि तेच टायर झिजल्यावर काढतोही. हे तिसरं काम सगळ्यात जास्त शिकवतं, म्हणून तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहितो.

90/10, 80/20, 50/50 हे आकडे कुठल्याही सरकारी किंवा सामाईक मोजमापातून येत नाहीत. प्रत्येक कंपनी आपल्या टायरबद्दल आपला अंदाज सांगते. एका कंपनीचा 70/30 दुसरीच्या 80/20 शेजारी ठेवला तर नक्षीत फरक शोधावा लागतो. त्यापेक्षा स्वतःचा हिशेब करा. शिरवळला जाऊन-येऊन रोज शंभरावर किलोमीटर पक्का रस्ता, महिन्याला अडीच हजारांच्या पुढे. मुरमाचा रस्ता दोन फेऱ्यांचा धरला तरी वीस किलोमीटर. शंभरात एक किलोमीटरही कच्चा नाही. दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा: तुम्हाला टाळता येणार नाही असा सगळ्यात वाईट तुकडा कोणता? मुरमावर तुम्ही वीसच्या वेगाने जाता, आणि फारच बिघडला असेल तर गाडी फाट्यावर लावून भावाला बोलावता. जुलैतल्या संध्याकाळी शिरवळहून परतताना खंबाटकी घाट मात्र टळत नाही. मागे ट्रक, पुढे ट्रक, डांबरावर पाणी आणि कुणाच्या तरी टाकीतून सांडलेलं डिझेल. तुमचा टायर तिथे पास झाला पाहिजे. म्हणजे ओल्या डांबरावरचा ब्रेक पहिला, लोड लावल्यावरची स्थिरता दुसरी, मुरूम तिसरा.

बटन टायर नेमका या पहिल्या दोन ठिकाणी कमी पडतो, आणि त्याचं कारण साधं आहे. ठोकळे जितके उंच आणि सुटे, तितकं जमिनीला टेकणारं रबर कमी आणि तितकेच ते ब्रेकखाली आणि कललेल्या गाडीखाली वाकतात. वाकणं म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे झीज. दीड-पावणेदोनशे किलोच्या गाडीवर हे चालून जातं. तुमची गाडी पेट्रोल भरून 216 किलो. त्यावर तुम्ही, वहिनी, तीन बॉक्स धरले की एकूण चारशेच्या आसपास जातं. त्यातला मोठा वाटा मागच्या चाकावर येतो, कारण पिलियन (मागे बसणारी व्यक्ती) आणि बॉक्स दोन्ही मागच्या धुरीच्या जवळपास किंवा तिच्याही मागे असतात. माझ्या अंदाजाने स्थिर उभ्या गाडीवर मागच्या टायरवर अडीचशे किलो सहज येतात. खड्ड्यात आदळताना त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून दुकानात नक्षी बघण्याआधी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, वाचा. तुमचा पुढचा टायर 110/80 आर 19, मागचा 150/70 आर 17. मागच्यावर 69 हा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) दिसला पाहिजे, म्हणजे 325 किलो. पुढच्यावर 59, म्हणजे 243 किलो. हे वजन टायरला पेलतं ते पुरेशा हवेवर, हवा उतरवली की क्षमताही उतरते. पुढचं अक्षर वेगाचं: व्ही म्हणजे ताशी 240, एच म्हणजे 210, टी 190, क्यू 160. कॉन्टिनेंटलच्या टीकेसी 80 सारखा ठोकळ्यांचा टायर या मापात क्यूमध्ये येतो. चौपदरी महामार्गावर दुचाकीला मर्यादा 80 ची आहे, मग 160 पुरे नाही का, असं लोक विचारतात. वेगासाठी पुरे आहे. पण ते अक्षर टायर किती उष्णता सहन करतो हेही सांगतं, आणि मे महिन्यात दुपारी कराडकडे निघालेल्या, भरलेल्या गाडीचा टायर कमी वेगातही चांगलाच तापतो.

तारीखही तिथेच असते. चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. मोठ्या मापाचे टायर आपल्याकडे हळू विकले जातात आणि गोदामात पडून राहतात. तीन वर्षांपेक्षा जुना टायर मी जड गाडीला बसवत नाही. नक्षी नवी असते, पण रबर कडक होऊ लागलेलं असतं आणि ते कळतं पहिल्या पावसात.

आता तपासणी. सगळ्यात मोठी फसगत होते ती तुलनेत. गोटा झालेला, मधोमध सपाट झालेला टायर काढून कुठलाही नवा बसवला तरी गाडी लोण्यासारखी वळते. त्यावरून टायर चांगला ठरत नाही, जुना संपला होता एवढंच ठरतं. म्हणून टायर बदलण्याआधी गाडीची बाकी अंगं तपासा: स्टिअरिंगचे बेअरिंग, चाकांचे बेअरिंग, स्विंगआर्मचा खेळ, फोर्कचं तेल, मागच्या शॉकची प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण). शंभरच्या वेगाला शेपूट हलते म्हणून टायरला दोष देणाऱ्या गाड्यांत ढिले स्टिअरिंग बेअरिंग किंवा एकट्याच्या वजनावर ठेवलेली प्रीलोड बऱ्याचदा सापडते. तुमच्या गाडीला प्रीलोड फिरवायचा नॉब बाजूलाच आहे. डबल सीट निघताना तो फिरवणं हा टायरच्या परीक्षेचाच भाग समजा.

नवा टायर बसल्यावर पहिले 150 किलोमीटर सबुरीने. पृष्ठभाग घासला जाऊन कलत्या कडांपर्यंत वापरात यावा लागतो, आणि ठोकळ्यांच्या टायरमध्ये ठोकळेही थोडे बसतात. या काळात जे वाटतं ते लिहून ठेवा, पण त्यावर निकाल देऊ नका.

मग हवा. टायरबद्दल काहीही बोलण्याआधी हवा ठरली पाहिजे. पेट्रोल पंपावरच्या दोन गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सर्रास असतो, म्हणून स्वतःचं एक गेज घ्या आणि तेच वापरा. मोजायचं सकाळी, गाडी हलवण्याआधी. सुरुवात गाडीवरच्या स्टिकरच्या आकड्याने करा. त्यात एकट्याचा आणि डबल सीटचा आकडा वेगळा आहे, बॉक्स असतील तर डबल सीटचाच धरा. मग अर्धा-पाऊण तास तुमच्या नेहमीच्या वेगाने चालवा आणि थांबल्या थांबल्या पुन्हा मोजा. हवा साधारण दहा टक्क्यांनी वाढली असेल, म्हणजे 36 ची 39–40 झाली असेल, तर ठीक. त्याहून बरीच जास्त वाढली तर टायर जास्त वाकतोय, थंड हवा कमी आहे. जवळजवळ वाढलीच नाही तर हवा जास्त भरलीय आणि टायर तापतच नाही. हा ठोकताळा आहे, कायदा नाही, पण एखाद्या टायरला या गाडीखाली किती कष्ट पडतात हे इतक्या स्वस्तात सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

एक सूचना. सातारहून महाबळेश्वरला चढलात की हवेचा आकडा बदललेला दिसेल. साडेसहाशे मीटर वर गेल्याने गेज एक पीएसआयच्या आसपास जास्त दाखवतं. गारव्याने तो कमी होतो, साधारण साडेपाच अंशाला एक पीएसआय. वर जाऊन हवा कमी-जास्त करत बसू नका, सातारला थंड मोजलेलीच खरी.

ब्रेकची चाचणी मोजपट्टी घेऊन करा, अंदाजाने नको. रविवारी पहाटे सरळ, सपाट, पूर्ण मोकळा रस्ता, दोन्ही टोकांना एकेक ओळखीचा माणूस उभा. रस्त्यावर खूण करा, ताशी 50 ला खुणेवर दोन्ही ब्रेक, एबीएस (ब्रेकखाली चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईपर्यंत, आणि थांबल्यावर पुढच्या चाकापर्यंत मोजा. तीन-चारदा करा. आधी कोरड्यावर, मग पाऊस पडून गेल्यावर त्याच खुणेवर. पकड किती महत्त्वाची आहे हे गणितातच दिसतं. घर्षणांक 0.8 असेल तर 50 वरून गाडी बारा-साडेबारा मीटरात थांबते, 0.6 असेल तर साडेसोळा मीटरात. तेच 80 वरून सुमारे साडेएकतीस आणि बेचाळीस. हा साडेदहा मीटरचा फरक म्हणजे खंबाटकीत पुढचा अख्खा ट्रक. ओल्यावर एबीएस फार लवकर थरथरायला लागलं तर समजा की या रबराची ओल्यातली पकड तिथेच संपते. तुमच्या गाडीचं एबीएस बंद होत नाही, त्यामुळे मुरमावर अंतर वाढणारच. त्याचा दोष टायरला देऊ नका. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) मात्र मुरमावर बंद करता येतं आणि करावं.

घाटाची चाचणी वेगाची नसते. यवतेश्वर किंवा पसरणीचा घाट ठरलेल्या, आरामाच्या वेगाने चढा-उतरा आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्या. गाडी कलताना एका लयीत कलते की थोडं कलल्यावर अचानक पडल्यासारखी वाटते? वळणात हलका ब्रेक लावला तर उभी राहायला बघते का? डांबराने भरलेल्या भेगांवरून, पांढऱ्या पट्ट्यावरून जाताना घसरल्याचा भास होऊन लगेच सावरते की घसरतच राहते? पसरणीची काही वळणं घासून गुळगुळीत झालीत आणि पावसाळ्यात कासच्या रस्त्याला कडेने शेवाळ धरतं, तिथे कोणताच टायर चमत्कार करत नाही. तिथे चांगला टायर आधी सांगतो आणि मग घसरतो. वाईट टायर सांगतच नाही. मी टायर निवडताना या एका गुणाला सगळ्यात जास्त किंमत देतो आणि तो कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो.

कास आलंच आहे तर एक विनंती. माती-दगडाची चाचणी घ्यायला पठारावर रस्ता सोडून उतरू नका. तिथे जांभ्यावर मातीचा जेमतेम थर आहे आणि त्यावरच ती फुलं येतात. एका चाकोरीची खूण अनेक पावसाळे राहते. मुरूम तपासायला तुमच्या गावचा रस्ता आहेच.

लोडची चाचणी वहिनींना घेऊन, तिन्ही बॉक्स भरून, सातारा–कराड महामार्गावर. रिकाम्या गाडीवर स्थिर वाटणारा टायर भरल्यावर वेगळा वागतो. साठपासून दहा-दहाने मर्यादेपर्यंत वाढवत जा, प्रत्येक वेगाला एखादा किलोमीटर. ट्रकच्या मागून बाहेर पडताना वारा बाजूने येतो तेव्हा बघा. शेपूट एकदा हलून थांबली तर चालेल. हलत राहिली तर हँडल आवळू नका, पुढचा ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर हळूच सोडा, वेग उतरला की ती थांबते. मग प्रीलोड, हवा, टॉप बॉक्सचं वजन या क्रमाने तपासा. जड सामान टॉप बॉक्समध्ये असेल तर ते आधी बाजूच्या बॉक्समध्ये खाली आणा. आणि पिलियनला विचारा. आवाज, थरथर, सांध्यांवर बसणारा दणका हे मागे बसणाऱ्याला चालवणाऱ्यापेक्षा स्पष्ट कळतं, कारण त्याचं लक्ष रस्त्यावर नसतं.

कोरेगाव ओलांडून वर्धनगडचा घाट चढला की रस्त्यांचा पोतच बदलतो. माण-खटावच्या भागात साइडपट्टीवर सुटी खडी, उन्हाळ्यात भट्टीसारखं तापलेलं डांबर, सुगीत रस्त्यावर मळणीला टाकलेलं कडधान्य. त्या कोरड्या काड्यांवर ब्रेक लावू नका, खाली टायर कुठलाही असो. मुरमावर 80/20 चा चांगला टायर तुमच्या वेगाला पुरतो. पुढचं चाक भरकटल्यासारखं वाटेल. उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, हँडल सैल सोडा. एवढ्याने जितका फरक पडतो तितका 50/50 नेही पडत नाही. पाच किलोमीटरसाठी हवा उतरवायची गरज नाही. लांबचा कच्चा रस्ता असेल आणि वेग तिशीच्या आत असेल तर पाच-सात पीएसआय कमी करा, पण सोबत पंप हवा आणि डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची. उतरवलेल्या हवेवर डबल सीट महामार्ग धरणं म्हणजे टायर आतून भाजणं आहे. रिमलाही खड्ड्यात दणका बसतो.

काळ्या मातीचं वेगळं. कराडच्या खालच्या भागात ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर माती आणतात, त्यावर वळवाची एक सर पडली की साबण होतो. ही माती नक्षीच्या चरांत घट्ट भरते. कमी वेगात बटन टायरचे चरसुद्धा रिकामे होत नाहीत आणि तोही गोट्यासारखाच चालतो. वर पुढचा मडगार्ड चाकाला चिकटून असल्याने माती तिथे अडकून चाक जाम होऊ शकतं. सव्वादोनशे किलोच्या गाडीने त्या मातीत जायचंच नाही, हाच उपाय.

आता ज्या चाचणीला कुणी थांबत नाही ती. टायर अर्धा झिजल्यावर वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा. दर हजार किलोमीटरला नक्षीची खोली मधोमध आणि दोन्ही कडांना मोजा. छोटं मापक स्वस्त मिळतं. तुमच्या रोजच्या सरळ रस्त्यामुळे मागचा टायर मध्ये सपाट होणार. तो किती लवकर होतो हे दोन टायरमधला खरा फरक सांगतं. पुढच्या ठोकळ्यांना हाताने चाचपा: एक कड उंच, एक खाली अशी करवतीसारखी झीज लागली की आवाज वाढतो आणि ब्रेकखाली हँडल थरथरतं. कमी हवेवर चालवलेल्या गाड्यांत ही झीज लवकर येते. काही टायर नवे असताना सुंदर असतात आणि अर्ध्यावर अवघड होतात, काही उलट: ठोकळे बुटके झाल्यावर डांबरावर जास्त स्थिर होतात, फक्त मातीतली पकड जाते. नियमाने दुचाकीला 0.8 मिमी नक्षी उरेपर्यंत टायर चालतो. जड गाडीला पावसाळ्याच्या तोंडावर 2 मिमी उरली असेल तर मी बदलायला सांगतो, कारण पाणी बाहेर काढायला तेवढे चर पुरत नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या जड गाड्यांवर ठोकळ्यांचा मागचा टायर महामार्गाच्या वापरात साधारण 80/20 च्या निम्म्या ते दोन-तृतीयांश अंतरात संपतो. तुमच्या महिन्याच्या अंतराला याचा अर्थ एका वर्षात मागचा टायर कितीतरी जास्त वेळा बदलणं.

म्हणून तुमच्यासाठी: रेडियल (मापात आर लिहिलेला), 80/20 च्या वर्गातला, 69 व्ही मागे, 59 व्ही पुढे. मिशलिनचा अनाकी ॲडव्हेंचर या वर्गातला आहे, मेट्झेलरचा टूरन्स नेक्स्ट 2 त्याहून थोडा डांबराकडे झुकतो. तुमच्या मापात त्या दिवशी जो ताज्या तारखेचा मिळेल तो घ्या. पुढेमागे लडाख-स्पितीला जायचं ठरलं तर त्या प्रवासापुरती ठोकळ्यांची जोडी वेगळी घ्या आणि परत आल्यावर काढून ठेवा. एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांवर असलेला) अशी जोड कंपनीने स्पष्ट मान्य केली नसेल तर लावू नका. जड गाडीत त्याचा परिणाम वेगात आणि लोडखालीच दिसतो, तेव्हा सावरायला जागा नसते.

एक्सटीचे रिम तारांचे असले तरी ट्यूबलेस आहेत, तेव्हा पंक्चर किट आणि छोटा पंप कायम सीटखाली. माणच्या बाजूला बाभळीचा काटा लागतोच. बॅलन्सिंग करून घेताना जुनी वजनं आधी काढायला लावा, आणि साइडवॉलवरचा बाण फिरण्याच्या दिशेशी जुळतोय हे स्वतः बघा. व्हॉल्व्ह जुना असेल तर त्याच वेळी बदला.

टायर बसवून दीडशे किलोमीटर झाले की थंड आणि गरम हवेचे आकडे मला कळवा, एकट्याचे वेगळे, डबल सीटचे वेगळे, आणि त्या दिवशी ऊन किती होतं तेही लिहा. त्यावरून तुमच्या लोडला मागची हवा एक-दोन पीएसआय हलवायची की प्रीलोड, ते सांगता येईल.